बायबलच्या लेवीय पुस्तकातला 'महारोग' म्हणजे कुष्ठरोगच का? रुग्णाला सात दिवस वेगळं ठेवायचे, म्हणजे तेव्हाच्या लोकांना जंतू माहीत होते का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. लेवीय 13-14 मधला हिब्रू शब्द 'त्साराअत'. ग्रीक भाषांतरात त्याला 'लेप्रा' म्हटलं, म्हणजे खवले धरणारा त्वचारोग. पुढे लेप्रा हे कुष्ठरोगाचं नाव झालं आणि जुन्या मराठी भाषांतरांत 'महारोग' आलं.

तपासणारा वैद्य नसून याजक, म्हणजे पुरोहित असे. तो औषध देत नाही, फक्त निर्णय देतो. चट्ट्यावरचे केस पांढरे आणि चट्टा कातडीपेक्षा खोल दिसला की लगेच 'अशुद्ध', म्हणजे धर्मविधींच्या दृष्टीने अपवित्र. डाग नुसताच पांढरा असेल तर माणसाला सात दिवस कोंडायचं, न पसरल्यास आणखी सात. मग डाग फिका पडला असेल तर कपडे धुऊन तो मोकळा. आणि अंग नखशिखांत पांढरं झालं तर तो शुद्धच! मात्र कुठे उघडं मांस दिसलं की पुन्हा अशुद्ध. संसर्गाच्या भीतीतून असा नियम निघणार नाही.

घराचा नियम तर सगळं स्पष्ट करतो. भिंतीत हिरवट-तांबूस खळगे दिसले तर याजक येण्याआधीच सामान बाहेर काढायचं, नाहीतर तेही अशुद्ध ठरेल. लागण रोखायची असती तर हे उलटंच झालं असतं. इथे अशुद्धता लागू होते ती याजकाने सांगितल्यावर. नंतर घर सात दिवस बंद. डाग पसरला तर ते दगड काढून, भिंत खरवडून नवा गिलावा करायचा. तरी परत आला तर घर पाडायचं. पुढे मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात (इसवी सन 200 च्या सुमारास) नवरदेवाला लग्नाचे सात दिवस तपासणीतून सूट दिली आहे, सणातही तसंच.

मिश्नातल्या धर्मपंडितांचं निरीक्षण मात्र थक्क करणारं आहे. मिश्ना सांगते, डाग पहाटे, संध्याकाळी, घरात किंवा ढगाळ दिवशी पाहू नये, कारण फिका पांढराही उजळ भासतो. भर दुपारीही नको, तेव्हा उजळ डाग फिका वाटतो. पांढऱ्याच्या छटा चार: बर्फ, यरुशलेमच्या मंदिराचा चुना, अंड्याच्या आतला पापुद्रा, पांढरी लोकर. डाग किमान 36 केस मावतील एवढा हवा. उजेडाप्रमाणे पांढरा वेगळा दिसतो, हे पांढऱ्या भिंतीला रंग लावून पाहिलेला कुणीही मान्य करेल.

कुष्ठरोगाचं मुख्य लक्षण बधिरता, आणि तिचा या दोन्ही अध्यायांत उल्लेखच नाही. शिवाय तो वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, चौदा दिवसांत काही ठरत नाही. वर्णनं सोरायसिस, कोड, डोक्यातली बुरशी अशा अनेक विकारांशी थोडीथोडी जुळतात. कपड्यावरची आणि भिंतीवरची 'त्साराअत' बहुधा बुरशीच.

'महारोग' या शब्दामुळे शतकानुशतकं माणसं घराबाहेर काढली गेली, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषधं मोफत मिळतात, 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात आणि रोग पूर्ण बरा होतो.