एक चूल, दोन फ्लॅट

प्रश्न : ताई, मी वाकडला राहते, नवरा हिंजवडीत आयटीत, माझा जॉब बाणेरला. सासू-सासरे अजून नारायण पेठेत. गणपतीत सगळे जमलो तेव्हा चुलत सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, आमच्या वाड्यात वीस-बावीस माणसं एका चुलीवर जेवायची, तुम्ही आजकालच्या पोरींनी घरं फोडली. सासूबाई गप्पच होत्या. खरंच आमच्यामुळे एकत्र कुटुंब मोडलं का?

उत्तर : काकांना आधी एवढंच विचारा, वाड्यात मालक किती होते आणि भाडेकरू किती. पेठांमधल्या कितीतरी वाड्यांत मालकाचं एक घर आणि बाकी सगळी दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, नळ सामाईक, संडास सामाईक. म्हणजे माणसं भरपूर पण चुली वेगळ्या. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली मग भाडेकरू हलेना आणि मालक दुरुस्ती करेना, त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठचे वाडे बसले आणि माणसं पूरग्रस्त वसाहतींत गेली. तिथे कुठली सून होती घर फोडायला?

बरं काकांचं घर खरंच एका चुलीवरचं होतं असं धरू. तशी घरं होतीच, पण टिकायची कुठे, तर जिथे शेती, दुकान, वाडा असं एकत्र ठेवण्यासारखं काही असायचं तिथे. हातावर पोट असलेल्याचं लग्न झालं की बिऱ्हाड वेगळं, त्याला कोणी घर फोडलं म्हणत नव्हतं. आपण पेठेतल्या मालकांची आठवण सगळ्या पुण्याची म्हणून सांगतो, हे माझं जुनं दुखणं आहे, असो.

आपल्या डेक्कन कॉलेजच्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या पुस्तकात एकत्र कुटुंबाची व्याख्या दिली, एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म. पुढे आय. पी. देसाई या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातेत महुवा गावी कुटुंबांची पाहणी केली आणि म्हणाले छप्पर-चुलीवर अडून बसू नका, पैसा आणि जबाबदारी कोण कोणाची उचलतं ते बघा. मला देसाई जास्त पटतात. सासऱ्यांचा मेडिक्लेम कोण भरतं, पोराला ताप आला की सासूबाई रिक्षा करून वाकडला येतात का, गौरी कोणाकडे बसतात, ही उत्तरं तुमच्याकडे आहेत.

आणि ती चूल पेटवायचं कोण? पहिली पंगत पुरुषांची, मग पोरं, बायका शेवटी, तोवर आमटीत पाणी वाढवलेलं आणि पोळ्या मोजून. सासूबाई गप्प का बसल्या ते त्यांना एकटीला गाठून विचारा.

राहिलं सामाईक मालमत्तेचं. १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. वाडा डेव्हलपरकडे गेला असेल तर आत्यांना वाटा मिळाला की हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या, हे काकांना विचारून बघा, विषय पटकन बदलेल.

प्रश्न : ताई, आमच्या औंधच्या सोसायटीत कामाच्या मावशी आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीला एक पगार बोनस मागतायत. आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो, चहा-नाश्ता देतो, जुन्या साड्या देतो. मग असा हिशोब का?

उत्तर : घरच्यासारखं म्हणताय तर त्यांचा चहाचा कप वेगळा आहे का हो? आणि पोळ्या-भांडी उरकून त्या गेल्या की तुम्ही दोघं ऑफिसला निघता, म्हणजे तुमचे दोन पगार त्यांच्या सकाळवर उभे आहेत. मागणीही काही नवी नाही, १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, त्यातूनच संघटना उभी राहिली, २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आला पण सुट्टी-बोनस तो थेट मिळवून देत नाही, ते तुमच्याच दारात ठरतं. रविवारची सुट्टी द्या, बोनस द्या, आणि साड्यांचं म्हणाल तर आधी त्यांना हव्यात का ते विचारा.