बाकी सगळं येतं हो तिला, फक्त एक्स-वाय आलं की…

जुलै संपत आला की माझ्याकडे एक ठरलेलं वाक्य यायला लागतं. आई बोलत असते, बाबा मोबाईल उलटासुलटा करत बसलेले असतात आणि मूल खाली बघून टेबलाची कड नखाने खरवडत असतं. "मॅडम, सातवीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी होते हो, हे एक्स-वाय सुरू झालं आणि कुठे माशी शिंकली कळत नाही." दहावीच्या गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणं, म्हणजे एक्स आणि वाय अशा दोन माहीत नसलेल्या संख्या शोधायच्या, त्यामुळे वर्षाची सुरुवातच ठेच लागून होते, पहिल्या चाचणीत मार्क घसरतात, घरात एकदम बोर्डाचं वातावरण तयार होतं, मग एक क्लास बदलून दुसरा, आणि तिथेही काही फरक नाही म्हटल्यावर "तिचा कॉन्फिडन्सच गेलाय, आता तुम्हीच बघा" म्हणून माझ्याकडे.

मी गणिताची शिक्षिका नाही, समुपदेशक आहे. मानसशास्त्र केलं आणि दहावीनंतर गणिताला जो रामराम ठोकला तो पोरं माझ्यासमोर वह्या उघडायला लागली तेव्हाच मोडला. पण एवढी वर्षं या वह्या बघितल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते, क्लासवाल्यांना पटो न पटो. यातल्या बऱ्याच मुलांचं बेरीज-वजाबाकीत काही अडत नाही, त्यांना "अजून माहीत नाही" या अवस्थेत दोन मिनिटं बसवत नाही.

सईची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरचे तपशीलही थोडे इकडेतिकडे केलेत. दहावी, सेमी-इंग्लिश, वडील एका पतसंस्थेत कॅश काउंटरला, आई घरी शिवणकाम करते. पहिल्या भेटीत सई फारसं बोललीच नाही, म्हणून दुसऱ्या वेळी वही घेऊन ये म्हटलं. वही बघून काहीही प्रॉब्लेम नाही असं वाटावं! अक्षर सुंदर, समास आखलेले, आणि पानापानावर क्रेमरची पद्धत. म्हणजे समीकरणांतले आकडे ठरलेल्या चौकटीत भरायचे आणि डी, डीएक्स, डीवाय अशा तीन संख्या काढायच्या, मग डीएक्स आणि डीवायला डीने भागायचं, उत्तर, खाली डबल लाईन. जिथे एक समीकरण दुसऱ्यातून वजा केलं की एका ओळीत काम झालं असतं तिथेसुद्धा क्रेमर. मी विचारलं, हीच का सगळीकडे?

"यात विचार नाही करावा लागत मॅम. नुसतं भरायचं."

मला हे उत्तर भयंकर आवडलं. गॅब्रिएल क्रेमर नावाच्या स्विस माणसाने १७५० साली ही पद्धत छापली, त्याला कल्पना नसेल की जळगावातली एक मुलगी तिच्या आड लपून बसेल. कारण पुढच्या पानांवर शाब्दिक उदाहरणं होती, आणि तिथे भरायला काही नसतं, समीकरणं आपली आपणच तयार करायची असतात. तिथे प्रश्न पूर्ण उतरवलेला, खाली "समजा" एवढाच शब्द, आणि पुढे व्हाइटनर. पान उजेडात धरलं तर व्हाइटनरखाली दिसत होतं, "समजा एक्स" तीनदा लिहिलेलं आणि तीनदा पुसलेलं.

"इथे काय झालं गं?"

"एक्स किती आहे ते माहीत नव्हतं ना."

"म्हणून पुसलं?"

"मग? माहीत नसताना कसं लिहायचं?"

हे वाक्य मी आत्तापर्यंत वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय, पण इतकं सरळ कोणी म्हटलं नव्हतं. एक्स लिहायचा तोच मुळी माहीत नाही म्हणून, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सरांनी शंभरदा सांगितलं असेल. पण घरात दहा वर्षं वेगळंच शिकून झालं होतं. वडील जेवताना अचानक विचारणार, "सतरा साते?" आणि घास तोंडात असला तरी उत्तर लगेच आलं पाहिजे, नाही आलं तर "एवढं येत नाही?" माणूस वाईट अजिबात नाही, काउंटरला बसून संध्याकाळी कॅश जुळली नाही तर पदरचे भरावे लागतात, त्यांच्या आयुष्यात "माहीत नाही"ला खरोखरच किंमत मोजावी लागते. ते घरी आले तरी काउंटरवरून उठत नाहीत एवढंच.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करणारी, हे माझ्या जुन्या वाचकांना माहीत आहे. माणूस प्रसंगामुळे कमी आणि प्रसंगाबद्दल मनाशी धरलेल्या "पाहिजेच"मुळे जास्त हैराण होतो, असं ही वाट म्हणते आणि मला ते रोज पटतं. सईचा "पाहिजेच" होता, मला पहिल्या ओळीलाच उत्तर माहीत पाहिजेच. आता बीजगणित नेमकं असं की पहिल्या ओळीला उत्तर कुणालाच माहीत नसतं, सरांनाही नसतं. त्यामुळे तिला बीजगणित म्हणजे सतत पकडलं जाण्यासारखं वाटायचं.

हे सगळं तिला समजावून सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी गेली असती. त्याऐवजी मी वही मिटायला लावली आणि तोंडी विचारलं, तुझ्या पप्पांकडे एका ग्राहकाने वीसच्या आणि पन्नासच्या मिळून १४ नोटा दिल्या, रक्कम झाली ४६० रुपये, कुठल्या किती?

तिने वर पंख्याकडे बघितलं. ओठ हलत होते. मी गप्प. (समुपदेशनात गप्प बसणं हेच सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मला जमतं याचा मला थोडा अभिमान आहे.) मग म्हणाली, "सगळ्या वीसच्याच धरल्या तर २८० होतात. म्हणजे १८० कमी पडले. एक वीसची काढून तिथे पन्नासची ठेवली की ३० वाढतात. १८० भागिले ३०, सहा. पन्नासच्या सहा, वीसच्या आठ."

बरोबर. पण चेहरा पडलेला. "पण हे एक्स-वायने नाही केलं ना. हे असंच केलं."

मग मी कागद पुढे ओढला. म्हटलं मी लिहिते, तू फक्त बघ आणि तुझ्या डोक्यातला कुठला आकडा दिसला तर ओरड. वीसच्या नोटा एक्स, पन्नासच्या वाय. एक्स + वाय = १४. खाली २० एक्स + ५० वाय = ४६०. आता वरच्या समीकरणाला २० ने गुणलं, २० एक्स + २० वाय = २८०…

"ते २८०!"

हो, सगळ्या वीसच्या धरल्या तेव्हाचे. आता खालच्यातून हे वजा कर. एक्स गेला, राहिलं ३० वाय = १८०.

ती काही बोलली नाही. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि ३० भोवती गोल केला, १८० भोवती गोल केला, आणि मग कितीतरी वेळ नुसती त्या कागदाकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी मगाशी हेच केलं." मी म्हटलं, हेच. तुझ्या डोक्याने निरसन केलं, म्हणजे दोनातलं एक अक्षर घालवून टाकलं, तुला न विचारता. पुस्तकातली पद्धत म्हणजे तुझाच विचार ओळीने मांडलेला, नोटा १४ च्या ऐवजी १४० झाल्या किंवा पैशात अपूर्णांक आले तरी डोकं दुखू नये म्हणून.

माझ्यासाठी उलगडा इथे झाला, आणि तो गणितापेक्षा मोठा होता. तोंडी करताना तिनेही "सगळ्या वीसच्या धरल्या तर" असं एक खोटं गृहीत धरलंच होतं की, तेही बिनधास्त! म्हणजे माहीत नसलेल्या गोष्टीबरोबर पुढे जाणं तिला येत होतं. फक्त कागदावर आलं की तो पुरावा व्हायचा, कुणीतरी तपासणार, कुणीतरी बघणार. हवेत चुकलं तर चालतं, वहीत चालत नाही. व्हाइटनरचं कोडं मला तेव्हा सुटलं.

त्यामुळे पुढच्या काही भेटींत आम्ही दोनच गोष्टी केल्या. एक, व्हाइटनर बंद. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि खाली लिहायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. दोन, ताळा. उत्तर आलं की तिची मान आपोआप वर यायची, माझा चेहरा बघायला. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसायचे. मला विचारू नकोस, समीकरणाला विचार. आलेल्या किमती दोन्ही समीकरणांत टाक, दोन्हीकडे जुळलं तर बरोबर, एकीकडेच जुळलं तर मधे कुठेतरी गडबड आहे. तिची गडबड नव्वद टक्के वेळा एकच असायची, वजा करताना पहिल्या पदाचं चिन्ह बदलायचं आणि दुसऱ्याचं तसंच राहायचं. हे तिने स्वतः शोधलं, ताळ्यातून, मी सांगितलं नाही. शाळेच्या विषयांत अशा जागा फार कमी असतात जिथे मूल कुठल्याही मोठ्या माणसाचं तोंड न बघता स्वतःच ठरवू शकतं की मी बरोबर आहे. निबंधात नाही, चित्रकलेत तर नाहीच. आणि आपण नेमका ताळाच वेळ वाचवायला सोडून द्यायला सांगतो.

एकदा तिने विचारलं, कधीकधी क्रेमरमधला डी, ज्याने भागायचं तोच, शून्य येतो, तेव्हा मी काहीतरी चुकले म्हणून पूर्ण पान परत करते. आम्ही एक्स + वाय = ५ आणि २ एक्स + २ वाय = १२ अशी जोडी घेतली. पहिल्याची दुप्पट केली तर १० यायला हवेत, दुसरं म्हणतंय १२. दोन संख्यांची बेरीज एकाच वेळी ५ पण आणि ६ पण? आलेख काढला, दोन रेषा समांतर, कुठे भेटायलाच तयार नाहीत. "म्हणजे उत्तरच नाही?" उत्तरच नाही, आणि 'उत्तर नाही' हे लिहिणं हेच बरोबर. यावर ती खूप हसली, मला का ते नीट कळलं नाही, पण त्या दिवसानंतर ती खुर्चीत मागे टेकून बसायला लागली.

वडिलांना एकदा एकट्याला न बोलावता तिच्यासोबतच बोलावलं. उपदेश करायचा नव्हता, कोडं घालायचं होतं. भास्कराचार्यांचं आहे, त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथातलं. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे, हे त्या गृहस्थांना माहीत होतं, पाटणादेवीला दरवर्षी जातात, त्यामुळे ते एकदम खुलले. कोडं असं: एक मित्र म्हणतो, तू मला १०० दे म्हणजे माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. तर कुणाकडे किती?

वडील सराईत माणूस, लगेच अंदाज बांधायला लागले. शंभर आणि दोनशे? नाही. ऐंशी… थांबा. परत शंभर. कानशिलं लाल. इकडे सईने शांतपणे लिहिलं होतं, समजा पहिल्याकडे एक्स, दुसऱ्याकडे वाय. भास्कराचार्यांच्या काळात अव्यक्त संख्यांना रंगांची नावं द्यायचे, काळा, निळा, पिवळा, हे मी तिला आधी कधीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून ती एक्स निळ्या पेनने लिहायची आणि वाय काळ्या. एक्स + १०० = २(वाय – १००). वाय + १० = ६(एक्स – १०). पुढे ११ एक्स = ४४०. एक्स ४०, वाय १७०. मग ताळा, मोठ्याने: "१४० आणि ७०, दुप्पट. ३० आणि १८०, सहापट."

आणि वडील म्हणाले, "मला नाही सुटलं." एवढंच. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, सईकडे बघत होते. तिने बापाच्या तोंडून हे वाक्य बहुतेक पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि त्याला काही झालं नव्हतं, छत कोसळलं नव्हतं, उलट तो वाकून तिच्या वहीत बघत विचारत होता, "हे कंसाबाहेरचे दोन कुठून आणले?"

आता पालकांसाठी, कारण हे वाचून मला मेसेज येणारच आहेत. मूल गणिताला बसलं की "उत्तर आलं का" हे विचारणं काही दिवस बंद करा, त्याऐवजी "कशाला एक्स धरलास" विचारा, तुम्हाला स्वतःला येत नसेल तर उत्तमच, खरंखुरं विचाराल. शाब्दिक उदाहरणांची फक्त समीकरणं मांडायची आणि सोडवायचीच नाहीत असे काही दिवस घ्या, मुलांना वाटतं हा वेळेचा अपव्यय, पण अडतं तिथेच असतं. उदाहरण आधी तोंडी, अंदाजाने, कसंही सोडवू द्या आणि मग तेच आकडे कागदावर कुठे भेटतात ते शोधू द्या. ताळ्याला वेळ द्या. भाग १ चा पेपर ४० मार्कांचा आणि दोन तासांचा, त्यात ताळ्याला जाणारं अर्धं मिनिट वाया जात नाही, तेच मार्क वाचवतं. आणि जेवताना पाढे विचारू नका हो, निदान भाजी तरी नीट लागू द्या.

पण सगळ्यांचं सईसारखं नसतं हेही नीट ऐका. लहानपणापासून पाढे बसतच नाहीत, ६ आणि ९ उलटे होतात, साध्या सुट्या पैशांचा हिशेब चुकतो, असं असेल तर ते एक्स-वायचं भय नाही, गणनक्षमतेची तपासणी करून घ्या, अध्ययन अक्षमता निघाली तर बोर्डाच्या सवलती मिळतात आणि त्या घेण्यात कमीपणा काही नाही. झोप उडाली असेल, सगळ्याच विषयांच्या पेपरांना पोट दुखत असेल, तर गणित बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला नाहीतर डॉक्टरांना दाखवा.

सईला प्रिलिमला भाग १ मध्ये ४० पैकी ३१ पडले. भाग २ मध्ये २२. भूमितीच्या सिद्धतांना यातलं फारसं काही लागू पडत नाही, तिथे पोरं वेगळ्याच जागी अडकतात, शेवट माहीत असतो आणि वाट सापडत नसते. त्याबद्दलही बरेच जण विचारतात, दिवाळीनंतर लिहीन सवडीने.