मेगर चांगला, तरी वाइंडिंग खराब?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ६२.५ केव्हीए जनरेटरचा मेगर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरचं रीडिंग) २०० मेगओहम येतो. तरी लोड नसतानाही दोन फेजना २३० व्होल्ट आणि तिसरीला १९०. मेकॅनिक एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारं सर्किट) बदला म्हणतो. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : एव्हीआर घ्यायची घाई करू नका. तो तिन्ही फेजना एकाच फील्डमधून (चुंबकत्व देणाऱ्या वाइंडिंगमधून) सांभाळतो, त्यामुळे तो बिघडला तर तिन्हींचं व्होल्टेज हलतं. आणि मेगर दाखवतो ते वाइंडिंगचं तांबं आणि कोअर (लोखंडी गाभा) यांच्यामधलं इन्सुलेशन. एकाच कॉइलचे दोन वेढे आपसात शॉर्ट झाले, तर मेगरला त्याचा पत्ताही लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी ‘मेगर चांगला म्हणजे वाइंडिंग चांगलं’ हाच गैरसमज असतो.

खात्री अशी करा. ब्रेकर बंद ठेवा. एव्हीआरच्या तारा सोडवून एक्सायटरच्या (रोटरला करंट पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरच्या) फील्डला पोलॅरिटी बघून १२ व्होल्टची बॅटरी जोडा आणि सेट १५०० आरपीएमवर फिरवा. तिन्ही फेज सारख्या आणि पूर्ण आल्या, तर दोष एव्हीआरचा. सारख्या पण कमी आल्या, तर रोटरवरचे (फिरत्या भागावरचे) डायोड तपासा. एकच फेज मागे राहिली, तर स्टेटर (न फिरणारं मुख्य वाइंडिंग) गेलाय. वार्निश जळाल्याचा वास आला की सेट लगेच थांबवा, कारण शॉर्ट वेढ्यांतून प्रचंड करंट फिरत असतो. मग कव्हर काढून टॉर्च मारा : कोअरच्या बाहेर आलेल्या भागात एखादी कॉइल शेजारच्यांपेक्षा काळपट दिसेल. नाहीच दिसली, तर सर्ज टेस्ट (वाइंडिंगला व्होल्टेजचे झटके देऊन लहरी बघण्याची चाचणी) करून घ्या. त्यात तिन्ही फेजच्या लहरी एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. साध्या मल्टीमीटरने वेढे मोजायला जाऊ नका, इतका कमी रेझिस्टन्स त्याला कळत नाही.

प्रश्न : पावसाळाभर बंद असलेल्या सेटचा मेगर ०.४ मेगओहम आला. रिवाइंडिंग (वाइंडिंग नव्याने गुंडाळणं) करावंच लागेल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आधी वाळवा! कोकणातल्या दमट हवेत असं होतंच. धूळ काढा, आत १०० वॉटचे दोन बल्ब लावा, वाइंडिंग ८० अंशांवर जाऊ देऊ नका. दर तासाला ५०० व्होल्टच्या मेगरने नोंद घ्या. तापताना आकडा सुरुवातीला आणखी खाली येतो, तेव्हा घाबरू नका. पुढे तो चढत जाऊन ५ मेगओहमच्या वर टिकला, तर सेट चालवा. दोन दिवसांनीही हलला नाही, तरच रिवाइंडर बोलवा.

प्रश्न : मेगर करताना एव्हीआर जोडलेला चालतो का?

उत्तर : अजिबात नाही, जळेल. एव्हीआर काढा, रोटर मोजायचा असेल तर डायोडही शॉर्ट करा, आणि मोजून झालं की वाइंडिंग अर्थला टेकवून डिस्चार्ज करा.