स्पर्धा आणि परदेशी संपर्क यांमुळे देशाची आधुनिक वास्तुकला खरंच घडते का?

घडते, पण दोन्ही एकत्र आले तर. मी आर्किटेक्ट आहे. मला हे पटलं ते एका वाचनालयाचे नकाशे बघताना, म्हणून त्याचंच सांगतो.

१९२७ साली, तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या व्हीपुरी शहराच्या वाचनालयासाठी स्पर्धा झाली. ती जिंकणारा फिनिश आर्किटेक्ट अल्वार आल्टो तेव्हा २९ वर्षांचा होता. फिनलंडच्या स्पर्धांत नाव बंद पाकिटात असतं आणि नकाशावर फक्त टोपणनाव, त्यामुळे ओळखीपाळखीचा प्रश्नच उरत नाही. पण तो पहिल्या बक्षिसाचा नकाशा आज दाखवला तर आल्टोचा म्हणून कुणी ओळखणार नाही. जुन्या अभिजात वळणाचा, स्वीडिश आर्किटेक्ट आस्प्लुंडच्या स्टॉकहोमच्या वाचनालयाची छाप असलेला.

मग जागेचा वाद झाला, मंदी आली आणि काम रखडलं. तेवढ्यात आल्टो हॉलंड-फ्रान्स फिरून आला, १९२९ मध्ये फ्रँकफर्टला आधुनिक वास्तुकारांच्या परिषदेत बसला आणि नकाशे पुन्हा पुन्हा काढत राहिला. १९३५ मध्ये उभी राहिली ती पांढरी, सपाट छपराची, अगदी वेगळी इमारत.

तिच्या वाचनकक्षाचं छत बघाच. त्यात ५७ गोल झरोके आहेत, प्रत्येकाचा व्यास साधारण १.८ मीटर, आणि इतके खोल की उत्तरेतलं तिरपं ऊन थेट आत येत नाही. ते झरोक्याच्या कडेवर आदळतं आणि पसरून खाली उतरतं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या हाताची सावली पानावर पडत नाही. हे कुठल्या परदेशी इमारतीची नक्कल करून जमत नाही. बाहेर बघितलेलं घरच्या उन्हाला लावून बघावं लागतं, आणि त्यासाठी हातात खरं काम असावं लागतं. ते काम त्याला स्पर्धेने दिलं.

हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाचंही असंच. १९०४ ची स्पर्धा एलिएल सारिनेनने जिंकली, टीका झाली, त्याने युरोपातली स्थानकं बघितली आणि आराखडा बदलला.

आपल्याकडे संपर्क होता. आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांना १९४५ मध्ये सरकारनेच हार्वर्डला पाठवलं, ते आधुनिक वास्तुकलेतल्या ग्रोपियस या जर्मन आर्किटेक्टकडे शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरच्या आयआयटीच्या इमारतींचे आराखडे केले. खुल्या स्पर्धा मात्र विरळाच. सरकारी इमारतीचं काम बहुतेकदा निविदेतून जातं, आणि तिथे आधीचा अनुभव आणि उलाढाल विचारतात. पंचविशीतल्या आर्किटेक्ट मुलीकडे ते कुठून असणार?