आवाज जरासा उतरलेला येतोय? रजिस्टर सोडा, आधी क्रिस्टल वाचा

तुमची अडचण मला अशी समजली: स्वतः बनवलेल्या लिनक्स बोर्डावर डब्ल्यूएम८९६० कोडेक (आकड्यांचा आवाज करणारी चिप) आहे, कोडेकच मास्टर आहे म्हणजे क्लॉक तोच देतो, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय आहे ते कर्नलला सांगणारी फाईल) सिंपल-ऑडिओ-कार्ड हा तयार ड्रायव्हर लावलाय. ४८ किलोहर्ट्झची (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे नमुने) फाईल वाजते, आवाज तुटत नाही, खरखर नाही. पण सूर किंचित खाली लागतो आणि ६०० सेकंदांची फाईल संपायला ६१४ सेकंद लागतात. आठ दिवस तुम्ही डिव्हायडरचे (क्लॉक भागून कमी करणाऱ्या रजिस्टरचे) बिट एकेक करून बदलताय.

डिव्हायडर सध्या राहू द्या. ६१४ सेकंद हाच तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा आकडा आहे. ६०० ला ६१४ ने भागलं की ०.९७७ येतं. आता १२ ला १२.२८८ ने भागून पाहा: ०.९७६६. ड्रायव्हर १२.२८८ मेगाहर्ट्झचा एमक्लॉक (कोडेकला बाहेरून मिळणारा मुख्य क्लॉक) धरून चाललाय आणि पिनवर येतोय १२ मेगाहर्ट्झ. कोडेक त्याला इमानाने २५६ ने भागतो, म्हणून ४८,००० ऐवजी सेकंदाला ४६,८७५ सॅम्पल पडतात. डिव्हायडर चुकला असता तर वेग निम्मा, दुप्पट, दीडपट असा ढोबळ बदलला असता. ४४.१ आणि ४८ ची गल्लत असती तर फरक पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास गेला असता. सव्वादोन-अडीच टक्के दिसले की मी थेट क्रिस्टलकडे, म्हणजे एमक्लॉक देणाऱ्या ऑसिलेटरकडे, वळतो.

हे मी सोसून शिकलोय. माझ्या पहिल्या बोर्डावर काळी एकचा तानपुरा वाजवला आणि शेजारी पेटीची काळी एक दाबली, तर दोन्ही एकमेकांवर घासत होते. फरक अर्धस्वराच्या निम्म्याहूनही कमी, नुसतं ऐकून कदाचित सुटला असता. दोन रात्री कोड वाचला. शेवटी भिंगाखाली ऑसिलेटरच्या पत्र्यावर पाहिलं, तिथे स्पष्ट १२.००० छापलेलं होतं. डिव्हाइस ट्रीचा तुकडा मी दुसऱ्या बोर्डावरून उचलला होता आणि त्यात १२२८८००० तसंच राहिलं होतं.

इथे एक फसवी जागा आहे. प्रॉक आणि डीबगएफएस या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या जागा. प्रॉकमधली एचडब्ल्यू-पॅरम्स फाईल ४८००० दाखवेल, डीबगएफएसमधली क्लॉक समरी १२२८८००० दाखवेल, आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. पण यातलं काहीच मोजलेलं नसतं. पहिली फाईल मागितलेला रेट सांगते. दुसरी, फिक्स्ड-क्लॉक (डिव्हाइस ट्रीमध्ये ठराविक आकड्याने लिहिलेला क्लॉक) असेल तर, तुम्ही लिहिलेलाच आकडा परत वाचून दाखवते. खरं मोजायचं तर स्कोप (ऑसिलोस्कोप) एमक्लॉकच्या पिनवर लावा. स्कोप नसेल तर स्पीकर-टेस्ट या कमांडने १,००० हर्ट्झची साइन वाजवा आणि फोनवरच्या ट्यूनरने बघा. तुमच्या बोर्डावर ९७७ च्या जवळ दिसायला हवं.

आता दुरुस्ती. फिक्स्ड-क्लॉकचा आकडा १२०००००० करा, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण १२ मेगाहर्ट्झला ४८,००० ने भागलं की २५० येतात आणि कोडेकला २५६ पट लागते. म्हणजे पीएलएल (एका क्लॉकवरून हव्या त्या वेगाचा दुसरा बनवणारं कोडेकमधलं सर्किट) हवाच. तो आठपट वेगाने चालतो आणि मग आठने भागला जातो. हिशेब असा: १२.२८८ ची आठपट ९८.३०४, त्याला १२ ने भागलं की ८.१९२. पूर्णांक ८, उरलेला ०.१९२ चोवीस बिटांच्या अपूर्णांकात. पूर्णांक ६ ते १२ मध्ये असावा लागतो, तुमचा बसतो. ४४.१ साठी लक्ष्य ११.२८९६, भागाकार ७.५२६४, तोही बसतो. हा हिशेब ड्रायव्हर स्वतः करतो, त्याला फक्त खरा इनपुट आकडा द्यायचा.

अडचण सिंपल-कार्डची आहे. ते सेट-सिस्क्लॉकला (कोडेकने क्लॉक कुठून घ्यायचा ते ठरवणाऱ्या फंक्शनला) शून्य क्रमांक देतं, आणि या कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये शून्य म्हणजे थेट एमक्लॉक, पीएलएल नाही. म्हणून छोटा मशीन ड्रायव्हर (तुमच्या बोर्डाची ऑडिओ जोडणी सांगणारा कोड) लिहा, त्यात सेट-पीएलएलला १२ मेगाहर्ट्झचा इनपुट द्या आणि सिस्क्लॉक ऑटो मोडवर ठेवा. बोर्डाची पुढची आवृत्ती काढणार असाल तर सरळ १२.२८८ चा ऑसिलेटर लावा, पण मग ४४.१ साठी पुन्हा पीएलएल लागेलच.

प्रोसेसरला मास्टर करून सुटका होईल असं कुणी सांगेल. तसं करू नका. एमक्लॉक एका क्रिस्टलवरून आणि बिटक्लॉक (आवाजाचा एकेक बिट पुढे सरकवणारा क्लॉक) दुसऱ्यावरून आला की दोन्ही हळूहळू सरकतात आणि मधूनमधून टिकटिक ऐकू येते. ती शोधणं याहून त्रासाचं आहे.

बदल झाल्यावर ४८ आणि ४४.१ दोन्ही फाईली पाठोपाठ वाजवा, मधे रीबूट न करता. पहिलीनंतर दुसरी बिघडली तर मशीन ड्रायव्हरमधलं एचडब्ल्यू-पॅरम्सचं फंक्शन मला दाखवा.