वरचा सा उतरतो

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीवर ती भावाला घेऊन आली. नाव सांगत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. वय चोवीस, दहा वर्षं शास्त्रीय गाणं. तलावपाळीजवळच्या एका दिवाळी पहाटेला ती नाट्यगीत गायली. कुणीतरी त्यातला मिनिटभराचा तुकडा मोबाइलवर फिरवला आणि लोक तुटून पडले. ‘बेसूर’, ‘हिला माइक दिला कुणी’. तेव्हापासून तंबोरा गवसणीतच.

“मॅडम, इतके जण म्हणतात म्हणजे खरंच असणार ना? सोडून देऊ गाणं?”

इथे मी चूक केली. नाटककार विजय तेंडुलकरांचा दाखला दिला. ‘गृहस्थ’ हे नाटक चाललं नाही, पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि १९५६ साली ‘श्रीमंत’ लिहिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते तेंडुलकर होते.” बरोबरच होतं तिचं. जखम ओली असताना थोरामोठ्यांच्या गोष्टी झोंबतात.

टीकेने कलाकार घडतो, असं सर्रास म्हणतात. टीकेने गाणं कायमचं सोडलेली माणसंही माझ्यासमोर बसतात, त्यामुळे मला ते तितकंसं पटत नाही. एकटीने रात्री दोन वाजता वाचलं की शिवी आणि सूचना एकाच वजनाच्या वाटतात. म्हणून पंधरा दिवस फोन भावाकडे ठेवायला सांगितला. झोप आणि जेवण रुळावर येईपर्यंत त्या विषयाला हातच लावला नाही.

मग भावाने एकेक शेरा मोठ्याने वाचला. तिने फक्त ठरवायचं: हा गाण्याबद्दल आहे की माझ्याबद्दल? साडी, रंग, जाडी, ‘घरी बस’ असलेच बहुतेक. ते बाजूला गेले. एक मात्र तिने पुन्हा वाचायला लावला. ‘कान किटले. अंतऱ्यात वरचा सा दर वेळी उतरतो.’ म्हणजे वरच्या सप्तकातला सा हवा त्यापेक्षा थोडा खाली लागतो.

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “हे गुरुजी वर्षभर सांगतायत. ते हसत हसत सांगतात, म्हणून मी मनावरच घेतलं नाही.”

तोच तुकडा घेऊन ती गुरुजींकडे गेली. दम पंचमापर्यंतच, म्हणजे ‘प’पर्यंतच, पुरत होता, वर जाताना ओढाताण व्हायची. त्यात उघड्यावरच्या मांडवात मॉनिटरमधून तंबोरा तिला ऐकूच येत नव्हता. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, आणि ‘आ’ लावून संथ आकार पुन्हा सुरू झाला. (हे उपाय माझे नव्हेत, मला सा कळत नाही.)

‘घरी बस’ अजून टोचतं, असं ती मागच्या भेटीत म्हणाली. टोचणारच. यंदाच्या पहाटेचं बोलावणं आलंय. मानधनाच्याही आधी तिने आयोजकांना विचारलं, “काका, तंबोरा मला ऐकू येईल ना?”