खोकल्यासाठी स्कॅन केला आणि स्तनात ‘काहीतरी’ निघालं

“स्कॅन काढला फुप्फुसांसाठी, आणि रिपोर्टात स्तनाबद्दलच एक ओळ आली. आता काय?” हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात इतक्या जणींकडून ऐकला आहे की एकदा लिहायलाच हवं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशीच्या एक बाई. लांबलेल्या खोकल्यासाठी छातीचा सीटी स्कॅन झाला. फुप्फुसं ठीक होती, पण खाली लिहिलं होतं, ‘डाव्या स्तनात ९ मिमीची गाठसदृश सावली; मॅमोग्राफी व सोनोग्राफीने पडताळणी करावी.’ (मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे.) तेव्हापासून त्या रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसायच्या. आपल्यामागे मुलांचं कसं होणार, इथपर्यंत विचार पोचले होते.

“मॅमोग्राफीची तारीख घेतलीत?”

“नाही.”

“का?”

“केली की कळेलच ना, मॅडम.”

हे मी अनेकींकडून ऐकते. तपासणी होत नाही तोवर वाईट बातमीही नाही, असा हिशेब मन करतं आणि भीती मात्र रोज भरत राहतं.

मी त्यांना ती ओळ वाचून दाखवायला सांगितली. ‘सावली’पाशी त्या थांबल्या. पेनाने मारलेली रेघही तिथेच संपत होती. “पुढे वाचा,” म्हटलं. उरलेला भाग त्यांनी पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचला. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “म्हणजे मी जे ठरवून बसलेय, ते रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांना अजून माहीतच नाही.”

हेच वाक्य मी ऐकवलं असतं, तर मान डोलावून त्या घरी गेल्या असत्या आणि रात्री पुन्हा मोबाइल हातात आला असता. स्वतःच्या तोंडून आलं म्हणून ते टिकलं. रिपोर्टातल्या वाक्यापेक्षा त्याला आपण मनात जोडलेलं वाक्य जास्त छळतं, यावर माझ्या कामाची सारी मदार आहे. त्या दिवशी ती सार्थ ठरली.

आता त्या सावलीविषयी. छातीच्या सीटीत स्तन ओघाने येतो. त्यात आकार दिसतो, पण तो कशाचा हे बहुतेकदा ठरत नाही. फायब्रोअ‍ॅडेनोमा (स्तनातली साधी, कॅन्सर नसलेली गाठ), पाण्याची गाठ, जुन्या माराचा व्रण, स्तनातली लसिकाग्रंथी, काहीही असू शकतं. काही वेळा कॅन्सरही निघतो, म्हणून ‘काही नसेल हो’ असं मी कधीच म्हणत नाही. (नातेवाईक ते उदारपणे म्हणतात आणि तपासणी आणखी लांबते.) मॅमोग्राफीला जाताना कागदासोबत स्कॅनची सीडी आणि जुन्या मॅमोग्राफी असतील तर त्याही न्या. तीच गाठ वर्षानुवर्षं तशीच दिसत असेल, तर तो मोठा दिलासा असतो. पुरुषांच्या रिपोर्टात अशी ओळ आली, तर ती बहुधा वाढलेल्या स्तनग्रंथीची असते. तरी त्यांनीही डॉक्टरांना दाखवावंच.

बाईंचा निष्कर्ष आला बाय-रॅड्स ३. (बाय-रॅड्स म्हणजे स्तनाच्या तपासणीचे निष्कर्ष वर्गांत मांडायची पद्धत.) तिसरा वर्ग म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, मग साधारण वर्षाने आणि दोन वर्षांनी. चौथ्या वर्गापासून पुढे सुईने तुकडा काढून तपासायला सांगतात.

“पण दोन टक्के आहेतच की!”

“शंभर टक्के खात्री तुम्हाला आजवर कोणत्या गोष्टीची मिळाली?”

त्या हसल्या, पण या दोन टक्क्यांवरच आमची सर्वाधिक सत्रं खर्ची पडली. खात्रीचा हट्ट सुटला तशी झोप येऊ लागली. पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी डॉक्टरांसमोरच ठरवून घेतली.

स्कॅन लिहून देणारे डॉक्टर फुप्फुसं बघत असतात. ती ठीक निघाली की फाइल मिटते आणि ही ओळ तशीच राहून जाते. ‘याचं पुढे कोण बघणार?’ हे तिथेच विचारून घ्या. आणि मधल्या काळात हाताला गाठ लागली, त्वचा ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्तासारखा स्राव आला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.